३३०, ३३८ आणि आमरसाचा डबा

मागच्या महिन्यात गिरगावातल्या आमच्या इमारतीतील शेजारच्या काकू आमरसाचा डबा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. डब्यावरची घटकांची यादी अवघी तीन पदांची होती : हापूस आंब्याचा गर, साखर आणि ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ३३०’. त्यांच्या मोबाइलवर आलेल्या संदेशात ३३० हा कर्करोगाचा आकडा ठरवलेला होता. “डबा वाण्याला परत करू की सरळ फेकून देऊ, तेवढे सांग,” असे त्या म्हणाल्या. मी रसायनशास्त्र शिकलेली असल्यामुळे असले खटले माझ्याकडेच येतात.

३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ढोकळ्यासाठी आपण वाण्याकडून जे लिंबूफूल आणतो तेच. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळे काढले. आता मात्र कारखान्यात त्यासाठी लिंबे पिळत नाहीत. उसाच्या मळीवर किंवा मक्याच्या साखरेवर एक काळी बुरशी वाढवून ते मिळवतात. अफवेचा उगमही ठाऊक आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एका रुग्णालयाच्या नावावर खपवलेले एक पत्रक फिरू लागले आणि त्यात ३३० ला सर्वांत घातक ठरवले होते. रुग्णालयाने ते आपले नसल्याचे सांगूनही ते थांबले नाही. आपल्या पेशींत अन्नापासून ऊर्जा निर्माण होताना जे सायट्रिक आम्लाचे चक्र चालते, त्याला हान्स क्रेब्स यांचे नाव आहे, आणि जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा तसाच कर्करोगही. गोंधळ तिथेच झाला असावा, असे सांगितले जाते. आपल्याकडेही कर्क म्हणजे खेकडाच, त्यामुळे काकूंना हा भाग लगेच पटला.

‘आम्लता नियामक’ या नावामुळे हे पदार्थ आंबटच असतील असे वाटते, पण पदार्थाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; आम्ल जास्त तितका तो कमी) हव्या त्या पातळीवर आणणे आणि तिथे टिकवणे हे त्यांचे काम असल्याने त्यांत आम्लेही येतात आणि खारही. झटपट नूडल्सच्या पाकिटावरचे ५००(i) आणि ५०१(i) हे सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट आहेत. ते आंबटपणा न आणता पिठाला चिवटपणा आणि पिवळसर झाक देतात. आमच्या जुन्या चाळीत मे महिन्यात पापडांचे उडदाचे पीठ कुटले जाई, तेव्हा हळद निवडून आलेल्या एका मावशींनी तसाच हात पापडखाराच्या पाण्यात बुडवला आणि त्यांची पिवळी बोटे बघता बघता विटकरी लाल झाली. आम्ही मुले घाबरलो. त्यांनी लिंबाची फोड चोळली आणि बोटे पुन्हा पिवळी झाली. सामू म्हणजे काय, हे मला महाविद्यालयात जाण्याच्या कितीतरी आधी तिथे दिसले होते.

आता आमरसाच्या डब्याकडे येते. आंबा पिकत जातो तसे त्यातले आम्ल कमी होते आणि पूर्ण पिकलेल्या फळाचा सामू ४.६ च्या आसपास जाऊ शकतो. हा आकडा डबाबंद अन्नाच्या धंद्यात लक्ष्मणरेषेसारखा आहे, कारण त्याच्या वर, हवाबंद डब्यात, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार करणारा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू मारायचे तर डबा दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, आणि तसे केल्यावर हापूसचा वास कितपत उरेल हे सांगायला नको. लिंबूफुलाने सामू रेषेच्या बराच खाली आणला की उकळत्या पाण्याइतकी उष्णता पुरते. म्हणजे त्या चिमूटभर पांढऱ्या कणांमुळेच डब्यातला आमरस आमरसासारखा लागतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. अशाच डब्यांवर ‘परिरक्षक नाहीत’ असे ठळक छापतात. ते कायद्याने खरे असते, पण टिकवण्याचे निम्मे काम ३३० नेच केलेले असते. शिवाय नियमानुसार नाव किंवा आकडा यांपैकी काहीही एक छापले तरी चालते, आणि मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतो. त्यामुळे मुंबईत विकल्या जाणाऱ्या डब्यावर मराठी अक्षर नसले तरी कोणाचे काही बिघडत नाही. ‘सायट्रिक आम्ल’ असे मराठीत छापले असते तर काकू आल्याच नसत्या.

त्या निघताना मला काकांची आठवण झाली. त्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे आणि डॉक्टरांनी फॉस्फरस सांभाळायला सांगितले आहे. मी काकूंना फ्रिजमधली कोलाची बाटली आणायला सांगितली. तिच्यावर तोच ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर’ होता, फक्त पुढे ३३८ : फॉस्फोरिक आम्ल. डाळी-कडधान्यांतल्या फॉस्फरसपेक्षा असा वरून घातलेला फॉस्फेट शरीरात अधिक सहज शोषला जातो आणि अशक्त मूत्रपिंडांना तो बाहेर टाकणे जड जाते. त्यात तो किती आहे हे बाटलीवर छापलेलेही नव्हते. आमरसातही पोटॅशियम असतेच, तेव्हा काकांना किती वाटी द्यायचा हे आहारतज्ज्ञांना विचारा, असे मी बजावले. काकूंनी दोन्ही आकडे कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतले, ३३८ भोवती गोल केला आणि कोलाची बाटली माझ्याच ओट्यावर ठेवून डबा घेऊन गेल्या.