साँडर्स बेट: पेंग्विनच्या शेजारी, मेंढ्यांच्या फार्मवर

दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड या ब्रिटिश बेटांवर जाणारे बहुतेक जण क्रूझवरून काही तास उतरतात, पेंग्विनचे फोटो काढतात आणि परत जहाजावर चढतात. ते सोडा, तिथल्या साँडर्स बेटावर मुक्कामाला जा. अख्खं बेट म्हणजे एका कुटुंबाचं मेंढीफार्म. वस्तीत पाहुण्यांना भाड्याने मिळणारी घरं आहेत आणि वस्तीपासून दूर, ‘नेक’ नावाच्या वाळूच्या पट्टीजवळ एक केबिन.

फॉकलंडची राजधानी स्टॅन्लीहून सरकारी विमानसेवेचं छोटं लाल आयलँडर विमान नेतं. कोणाला कुठल्या बेटावर उतरायचंय ते पाहून विमानाची वेळ आदल्या संध्याकाळी ठरते. सामान २० किलोंच्या आत बसवा. तुमचं स्वतःचं वजनही विचारतात, लाजू नका! विमान उतरताना धावपट्टीशी आगीचा बंब घेऊन फार्मवालेच उभे असतात. तेच तुम्हाला घरी सोडतात, तेच मेंढ्या वळवतात. म्हणून लँडरोव्हरने नेकला जायची वेळ त्यांच्या सोयीने ठरवा, विशेषतः लोकर कातरणीच्या दिवसांत. कातरणी बघायची असेल तर विचारून शेडमध्ये जा आणि कडेला उभे राहा. आपल्याकडच्या घोंगडीच्या भरड लोकरीची सवय असलेल्या हाताला इथली लोकर फारच मऊ लागते.

राहायचं मात्र नेकलाच, निदान एक रात्र. दोन्हीकडे समुद्र, मध्ये जेंटू आणि किंग जातीचे पेंग्विन. वर कड्यावर रॉकहॉपर पेंग्विन आणि काळ्या भुवयांचे अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी. कड्यावरून झिरपणाऱ्या गोड्या पाण्याखाली रॉकहॉपर रांगेने, भांडत, अंघोळ करतात. तिथे मी किती वेळ बसले याचा हिशोब नाही. नियम म्हणून सहा मीटर अंतर ठेवा. पेंग्विनला तो नियम माहीत नसतो, ते स्वतःच जवळ येतात. मॅगेलॅनिक पेंग्विन जमिनीत बिळं करतात, त्यावर पाय पडला तर बीळ ढासळतं. उंच टसॅक गवतात सील लपलेले असतात, तिथे घुसू नका. आणि ‘जॉनी रूक’ नावाचा शिकारी पक्षी टोपी, हातमोजे बिनदिक्कत पळवतो.

जेवणाची सोय आपली आपण. किराणा स्टॅन्लीतच भरा. वजनाच्या मर्यादेत पोहे, डाळ, तांदूळ आणि मसाल्याची पुडी उत्तम बसते. हवामानामुळे विमान लांबलं तर उपयोगी पडावं म्हणून एका दिवसाचं जास्तीचं ठेवा. बिया चिकटलेले बूट निघण्याआधी घासून घ्या, बेटांवर परकं तण नको म्हणून.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे तिथला उन्हाळा. तरी वारा हाडांत शिरतो आणि ऊन चटके देतं. वाऱ्याला दाद न देणारं जॅकेट आणि सनस्क्रीन दोन्ही हवं. जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची; एकदा पेटली की आतून धुमसत राहते, त्यामुळे उघड्यावर सिगारेट नाही. फाटक जसं होतं तसंच सोडा: उघडं तर उघडं, बंद तर बंद.

विमा घेताना आणीबाणीत विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचून घ्या. आणि उरलेले फॉकलंड पाउंड निघण्याआधी स्टॅन्लीत ब्रिटिश पाउंडांत बदला; बाहेर ते कोणी घेत नाही.