गोरच्या तोंडी घातलेलं वाक्य

अमेरिकेतला अध्यक्षीय वादविवाद तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला सुरू होतो, तेव्हा पणजीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्या दिवशीचा पेपर तोवर दारात येऊन पडलेला असतो. गोव्यातल्या मराठी वाचकाच्या हातात वादविवादाची छापील बातमी पडते ती जवळपास चोवीस तासांनी. मधल्या वेळात तिकडच्या वाहिन्यांवर कोण जिंकला, कोण खोटं बोलला, कोण गडबडला याचा निकाल लागून गेलेला असतो, आणि वृत्तसंस्थांच्या बातम्यांतून आपल्यापर्यंत बहुतेक वेळा पोचतो तो हा निकाल. मूळची नव्वद मिनिटं मागेच राहतात.

उमेदवाराच्या खरेखोटेपणाबद्दल आपलं जे मत बनतं ते या निकालावरून, आणि तिथेच फसगत होते. कुठलं खोटं गाजणार हे त्या खोट्याच्या आकारावर फारसं ठरत नाही. पत्रकारांनी त्या माणसाचा जो स्वभाव आधीच मनाशी ठरवलेला असतो, त्यात ते चपखल बसतं की नाही यावर ठरतं. २००० ची निवडणूक याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून तिच्यापाशी जरा जास्त थांबतो.

डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, तेव्हाचे उपाध्यक्ष अल् गोर बढाईखोर आणि रिपब्लिकन उमेदवार, टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश साधेभोळे, अशी दोन चित्रं तेव्हा प्रचाराच्या सुरुवातीलाच रंगवून झाली होती. ९ मार्च १९९९ रोजी सीएनएनवरच्या मुलाखतीत गोर म्हणाले की काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, असताना इंटरनेट निर्माण करण्याच्या कामी आपण पुढाकार घेतला. वाक्य ढिसाळ होतं आणि त्यात फुशारकीही होती, हे मान्य. पण थोड्याच दिवसांत ते ‘इंटरनेटचा शोध मी लावला’ असं होऊन फिरू लागलं. हे शब्द गोर कधीच बोलले नव्हते. १९९१ चा संगणकजाळ्यांसंबंधीचा कायदा त्यांनीच पुढे रेटला होता आणि त्यातल्या निधीवर इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा ब्राउझर तयार झाला. इंटरनेटचा पाया घालणारे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी २००० साली जाहीरपणे लिहिलं की आपल्या माहितीत दुसऱ्या कुठल्याही लोकप्रतिनिधीने या कामाला इतका दीर्घकाळ इतका हातभार लावलेला नाही. ते फारसं कुणी वाचलं नाही.

दुसरा प्रसंग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. ३० नोव्हेंबर १९९९ ला न्यू हॅम्पशरमधल्या कॉन्कर्डच्या हायस्कुलात गोर मुलांशी बोलत होते. टेनेसीतल्या टून या गावच्या विषारी कचऱ्याबद्दल आपल्याला एक पत्र आलं, मग देशात असं आणखी कुठे आहे ते शोधताना न्यूयॉर्क राज्यातलं लव्ह कॅनाल सापडलं आणि त्यावर आपण पहिली सुनावणी घेतली, असं त्यांनी सांगितलं. टूनचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण सगळ्याची सुरुवात तिथून झाली, असं ते शेवटी म्हणाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्स या दोन्ही पत्रांत गोरच्या तोंडी आलं, ‘सुरुवात मी केली.’ गावाच्या जागी माणूस आला आणि साध्या निवेदनाची बढाई झाली. भाषणाचं चित्रीकरण झालेलं होतं. शाळेतल्या मुलांनीच चूक लक्षात आणून दिली आणि आठवडा उलटल्यावर दुरुस्त्या छापून आल्या. तोवर वाहिन्यांवर गोरची यथेच्छ टिंगल झाली होती.

मात्र गोर इथे धुतल्या तांदळासारखे नव्हते. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी लव्ह कॅनालमध्ये आणीबाणी जाहीर केली ती ऑगस्ट १९७८ मध्ये, आणि गोर यांची सुनावणी झाली ऑक्टोबरमध्ये. जे तोवर देशभर गाजत होतं ते ‘आपल्याला सापडलं’ म्हणणं दिशाभूल करणारंच होतं. म्हणजे पत्रकारांना पकडायला एक खरी चूक समोर होती. ती तारखा लावून पकडावी लागली असती. त्यांनी न बोललेलं वाक्य पकडलं.

३ ऑक्टोबर २००० च्या बॉस्टनमधल्या पहिल्या वादविवादात गोर म्हणाले की टेक्सासमधल्या वणव्यांच्या वेळी आपत्ती निवारण यंत्रणेचे प्रमुख जेम्स ली विट यांच्यासोबत आपण तिथे गेलो होतो. विट त्या दौऱ्यात सोबत नव्हते. दुसऱ्या दिवशीपासून याच चुकीची आणि बुश बोलत असताना गोर यांनी सोडलेल्या सुस्काऱ्यांची चर्चा सुरू झाली. वादविवाद संपल्यासंपल्या गॅलप या जनमत चाचणी संस्थेने प्रेक्षकांना विचारलं तेव्हा ४८ टक्क्यांनी गोर यांना आणि ४१ टक्क्यांनी बुश यांना सरस ठरवलं होतं. चर्चा वाढत गेली तसं ते चित्र पालटलं. पुढे १७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये बुश यांनी टेक्सासमधल्या रुग्णहक्क कायद्याचं श्रेय घेतलं. प्रत्यक्षात १९९५ मध्ये असंच विधेयक त्यांनी नकाराधिकार वापरून अडवलं होतं आणि १९९७ मध्ये विमा कंपन्यांवर दावा लावू देणारा कायदा त्यांच्या सहीशिवाय अमलात आला. एक गोष्ट सहप्रवाशाची, दुसरी आजारी माणसाच्या हक्काची. गाजली ती पहिली. साधाभोळा माणूस स्वतःच्या कारकिर्दीबद्दल चुकीचं सांगतो, हे ठरलेल्या कथेत बसत नव्हतं.

बुश यांना अध्यक्षपद मिळवून देणारा फ्लोरिडातला फरक ५३७ मतांचा होता. इतक्या थोड्या मतांना शंभर कारणं देता येतात, त्यामुळे निकाल पत्रकारांनी फिरवला असं मी म्हणणार नाही. मतदारांपुढे दोन्ही उमेदवारांना एकच फूटपट्टी लावली गेली नाही, इतकं मात्र ठामपणे म्हणता येतं.

मग इथे बसून तपासायचं कसं? आधी पूर्ण वाक्य मिळवायचं, मागच्यापुढच्या दोन वाक्यांसकट. अध्यक्षीय वादविवादांचे शब्दशः उतारे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा केंद्रातल्या अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. सभा आणि भाषणांचं चित्रीकरण सी-स्पॅन या वाहिनीच्या संग्रहात असतं. अवतरणात मधेच तीन टिंबं दिसली, की तिथे काय गाळलंय ते उताऱ्यात पाहायचंच. आकड्याचा दावा असेल तर तो कुठल्या महिन्याचा आणि कशाचा, हे विचारायचं. बहुतेक खोटेपणा तिथेच दडलेला असतो.

१० सप्टेंबर २०२४ च्या फिलाडेल्फियातल्या वादविवादात कमला हॅरिस म्हणाल्या की ट्रम्प यांनी महामंदीनंतरची सर्वांत वाईट बेरोजगारी मागे ठेवली. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याचा मासिक तक्ता उघडला की एप्रिल २०२० पुढे १४.८ टक्के दिसतात आणि महामंदीनंतरचा उच्चांक खरोखर तोच आहे. पण ट्रम्प पायउतार झाले जानेवारी २०२१ मध्ये, तेव्हाचा दर होता ६.४ टक्के. ऑक्टोबर २००९ मध्ये तो १० टक्के होता. आकडा खरा, ‘मागे ठेवली’ हे खोटं. त्याच रात्री ट्रम्प म्हणाले की ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये स्थलांतरित लोक रहिवाशांची कुत्री-मांजरं मारून खातात. सूत्रसंचालक डेव्हिड म्युअर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की शहराच्या प्रशासकांकडे याबद्दल एकही विश्वासार्ह तक्रार नाही. हॅरिस यांच्या वाक्याला कुणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं. पण म्हणून दोन्ही विधानं सारखी ठरत नाहीत. एकात खरा आकडा चुकीच्या महिन्याला चिकटवला आहे, दुसऱ्यात हजारो जिवंत माणसांवर पुराव्याशिवाय आळ घेतला आहे. ‘दोघेही खोटं बोलतात’ असं लिहून हात झटकणारा पत्रकार निःपक्ष नसतो. मोजायचं काम त्याने टाळलेलं असतं.

खोट्याची नुसती मोजदाद करण्यातही अडचण आहे. वॉशिंग्टन पोस्टने ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत ३०,५७३ खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे नोंदवले, त्यात एकच दावा पुन्हा केला की पुन्हा मोजलेला आहे. पॉलिटिफॅक्ट हे तथ्य तपासणारं संकेतस्थळ प्रत्येक विधानाला सहापैकी एक श्रेणी देतं, पण तपासायची विधानं संपादक निवडतात. संशय येतो तेच तपासलं जातं. त्यामुळे अमुक उमेदवार सत्तर टक्के खोटं बोलतो असा हिशेब या श्रेणींवरून कुणी मांडला तर तो सोडून द्यावा आणि एकेका विधानाखालची कारणं वाचावीत. काम तिथे केलेलं असतं.

कागद तपासला तरी कान फसू शकतो. १९ जानेवारी २००४ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत आयोवात तिसरे आलेले हॉवर्ड डीन समर्थकांपुढे राज्यांची नावं घेत ओरडले आणि ‘माथेफिरू’ ठरले. त्यांच्या हातातला माइक आजूबाजूचा गोंगाट कापून फक्त तोंडाजवळचा आवाज उचलणारा होता आणि त्याची वायर थेट पत्रकारांच्या ध्वनिजोडणीत गेली होती. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकाचं रेकॉर्डिंग सरळ मिक्सरमधून घेतलं की मांडवातल्या टाळ्या ऐकूच येत नाहीत आणि नट रिकाम्या जागी ओरडतोय असं वाटतं, तसंच झालं. सभागृहातल्या लोकांना गर्दीच्या गजरात डीन यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. तो तुकडा चार दिवसांत ६३३ वेळा राष्ट्रीय वाहिन्यांवर दाखवला गेला.

जाहिरातींची गोष्ट आपल्या वाचकांना सहसा कुणी सांगत नाही. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या कलम ३१५ नुसार आकाशवाणी-दूरचित्रवाणी केंद्राला उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीतला एक शब्दही कापता येत नाही, मग ती धडधडीत खोटी का असेना. त्यामुळे बदनामीचा दावाही केंद्रावर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये स्पष्ट केलं. बाहेरच्या गटांच्या जाहिराती मात्र केंद्र नाकारू शकतं. तेव्हा अमेरिकन जाहिरातीत आधी शेवटची ओळ पाहावी. ‘हा संदेश मी मंजूर केला आहे’ असं उमेदवार स्वतः म्हणत असेल, तर वाहिनीने त्यातला मजकूर तपासला असेल असं धरून चालू नये.

गोव्यात विधानसभेच्या वेळी दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. नोंदणीकृत पक्षांनी आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी. समिती पाहते ते आचारसंहिता आणि प्रसारणाचे नियम. ‘आम्ही अमुक इतक्या नोकऱ्या दिल्या’ हा आकडा ती पडताळत बसत नाही, तो वाचकालाच पडताळावा लागतो. दुसऱ्या बाजूने आपल्या हातात अमेरिकन मतदाराकडे नसलेली एक वस्तू आहे. तिकडे उमेदवाराने आयकर विवरणपत्र दाखवणं ही प्रथा आहे, कायदा नाही, म्हणून २०१६ मध्ये ट्रम्प यांना ते टाळता आलं. इथे उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. त्यात स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, जंगम-स्थावर मालमत्ता, कर्जं, प्रलंबित खटले असतात, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही उतरवून घेता येतं. एकाच उमेदवाराची लागोपाठच्या दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवावीत, आधी जमिनीचा तक्ता पाहावा, खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत हे रकाने जुळतात का बघावं, आणि मग त्या वर्षांच्या उत्पन्नाकडे वळावं.