उघडली ती मिटेचना

आपल्याकडे मफलर गळ्यात घालतात आणि गाडीला असतो तो सायलेन्सर. अमेरिकेत त्या सायलेन्सरलाच मफलर म्हणतात. त्यामुळे ‘मी मफलरला बायपास लावतोय’ असं फोनवर सांगितलं तेव्हा आबांना आधी माझ्या घशाची काळजी वाटली.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. मी डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो, दिवसभर कॅडसमोर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगसमोर, बसतो आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये शिरतो. तिथे २००० सालची शेवरोलेची कॅमॅरो झी-२८ ही गाडी उभी आहे. ५.७ लिटरचं एलएस-वन इंजिन, व्ही-एट, कंपनीच्या कागदावर ३०५ अश्वशक्ती. नोव्हेंबरात बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडलं की ती झाकली जाते, ती एप्रिलपर्यंत.

या बायपासला कटआऊट म्हणतात. कटआऊट म्हणजे सायलेन्सरच्या आधी पाईपला फुटलेली एक फांदी आणि तिच्या तोंडावर झडप. झडप बंद असली की धूर नेहमीच्या वाटेने शेपटाकडे जातो. उघडली की तिथूनच बाहेर पडतो, आणि मग आठ सिलिंडर काय बोलतात ते शेजारच्या गल्लीलाही कळतं. कल्पना जुनीच. १९१० च्या आसपासच्या मोटारींना पायाने दाबायचे कटआऊट असत. चढ आला की उघडायचे, गावात शिरताना मिटायचे. आता पायाऐवजी बटण आणि बारा व्होल्टची मोटर, एवढाच फरक.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मिशिगनमध्ये रस्त्यावर हे चालत नाही, कॅलिफोर्नियातही नाही. पुण्यात बुलेटच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आबांनीच मला पाठवले होते, खाली एकही शब्द न लिहिता. मी झडप फक्त ड्रॅगस्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, उघडणार होतो. शिवाय फांदी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर यांच्या नंतर काढली. कन्व्हर्टरला हात लावणं इथे बेकायदेशीर आहे. सेन्सरच्या जवळ गळती असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो उगाच जास्त ओतत बसतो. या कॅमॅरोत दोन्ही बाजूंचे कन्व्हर्टर संपल्यावर पाईप एकत्र येतात आणि मागे एकच तीन इंची पाईप जातो. म्हणजे झडपही एकच पुरते.

तयार कटआऊट मिळतात. पण लेथवाल्याच्या पोराने झडप विकत आणायची, हे काही मनाला पटेना.

आधीच्या मालकाने बसवलेल्या पाईपचा एक तुकडा माझ्याकडे पडून होता, आतला व्यास ७३ मिलिमीटर. त्याची रिंग कापली. एक सूत जाडीच्या स्टेनलेस प्लेटची चकती, आरपार ८ मिलिमीटरचा शाफ्ट, दोन्ही बाजूंना ब्राँझच्या बुश. मोटर भंगारातली, दरवाजाच्या काचेची. तिच्यात वर्म गिअर असतो, त्यामुळे करंट बंद झाला की झडप जिथे आहे तिथेच घट्ट राहते, धुराच्या दाबाने फिरत नाही. मोटर पाईपला चिकटवून चालत नाही, भाजून मरते. म्हणून तिला चार इंच लांब ब्रॅकेटवर घेतलं आणि मध्ये पत्र्याची ढाल दिली.

वायरिंग मला सगळ्यात आवडलं. सहा पिनांचा स्विच, कोपऱ्यातल्या पिना तिरक्या जोडायच्या म्हणजे प्लस-मायनस उलटतात आणि मोटर उलटी फिरते. दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच, त्यावर एकेक डायोड. झडप टोकाला पोचली की मायक्रोस्विच करंट तोडतो, पण डायोड उलट्या दिशेला वाट मोकळी ठेवतो, म्हणून परत फिरता येतं. चार रुपयांच्या वस्तू आणि काय डोकं! १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची मायनस केबल काढली, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जायचा. फांदीचं तोंड खाली आणि बाहेरच्या बाजूला वळवलं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि सीटखालीच धूर सोडला तर तो कधी आत शिरला ते कळणारही नाही. डॅशबोर्डवर एक अलार्मही चिकटवला. बायको म्हणाली, ‘‘घरातल्यापेक्षा जास्त अलार्म गाडीत झाले.’’

चकती आणि रिंग यांच्यात व्यासावर फक्त ०.२ मिलिमीटर फट ठेवली. हाताने फिरवली तर लोण्यासारखी फिरत होती. काजव्याएवढाही उजेड पलीकडून दिसत नव्हता. मी त्याचा व्हिडिओ काढून आबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही. तिकडे रात्र होती असं मी समजलो.

शनिवारी ड्रॅगस्ट्रिपवर गेलो, बटण दाबलं, झडप उघडली. आवाजाचं वर्णन करत नाही. वेळेत म्हणाल तर काही फरक नाही, होता तो माझ्या स्टार्टच्या चुकांत बुडून गेला. पण चार रन मारून निघताना झडप मिटायला बटण दाबलं, तर मोटर कण्हली, झडप जवळजवळ मिटली आणि शेवटच्या दहा-पंधरा अंशांवर अडकली. पुन्हा दाबलं, फ्यूज उडाला. दुसरा लावला, तोही उडाला. तिसरा नव्हता.

पंचेचाळीस मैल. रात्रीचे दहा. अर्धवट मिटलेल्या झडपेचा आवाज पूर्ण उघडीपेक्षा वाईट असतो, फाटक्या ढोलासारखा. सिग्नलला मी न्यूट्रलमध्ये टाकून, खिडकी उघडी ठेवून, श्वास रोखून बसायचो. शेवटची अर्धी गल्ली इंजिन बंद करून उतारावरून घरंगळत आलो. शेजारच्या आजोबांचा दिवा तरीही लागलाच.

रविवारी सकाळी गाडीखाली शिरलो. झडप पुन्हा लोण्यासारखी. फ्यूज लावला, बटण दाबलं, उघड-मीट, उघड-मीट, काही दोष नाही.

आबांना फोन लावला.

‘‘गार असताना फिरती व्हय?’’

‘‘हो.’’

‘‘चुंबक लावून बघितलंस?’’

‘‘कशाला?’’

‘‘लाव की. आधी चकतीला, मग रिंगला.’’

चकतीला चुंबक लागला नाही. रिंगला टपकन चिकटला. मी दोन्हींना स्टेनलेस म्हणत होतो आणि ती दोन वेगळ्या घराण्यांतली होती: चकती ३०४, रिंग ४०९. गरम झाल्यावर ३०४ जास्त वाढतं, जवळजवळ दीडपट. त्यात झडप उघडी असताना चकती धगधगत्या धुराच्या मधोमध उभी, आणि रिंगला बाहेरून वारा. मी कागदावर हिशोब मांडला. चकती पाचशे अंशांच्या आसपास गेली तर ०.६ मिलिमीटर वाढणार, रिंग जेमतेम त्याच्या निम्मी. माझी फट ०.२. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे आहे, हे इथे नमूद करायला हवं.

‘‘तुमी त्यो व्हिडिओ बघितला तवाच कळलं होतं?’’ मीही नकळत त्यांच्या बोलीत गेलो.

‘‘व्हय. म्हटलं, बघू किती लांब नेतोय.’’

उपाय त्यांनीच सांगितला. चकती व्यासात एक मिलिमीटर उतरव, खुशाल सैल होऊ दे. आणि धूर अडवायचं काम फटीला सांगू नकोस, त्याच्यासाठी रिंगच्या आत कडा दे. शाफ्टच्या एका बाजूला वरच्या अंगाला अर्धगोल पट्टी, दुसऱ्या बाजूला खालच्या अंगाला. मिटताना चकतीचा एक अर्धा भाग एका पट्टीवर टेकतो, दुसरा दुसरीवर. वाढायला चहूकडे जागा आणि धुराला सरळ वाट नाही. पट्ट्या वेल्डिंगचे टॅक मारून बसवल्या तेव्हा रिंग थोडी अंडाकृती झाली, ती कानस लावून जमवली. गार इंजिनवर अजून बारीक ‘टिक टिक’ ऐकू येते. तापलं की बंद होते. काजळीने शाफ्ट धरू नये म्हणून दर आठवड्याला गॅरेजमध्येच दोनदा उघडतो-मिटतो.

पुढच्या वेळी ड्रॅगस्ट्रिपवरून आबांना व्हिडिओ कॉल लावला. झडप उघडली, रेस दिली. ते स्क्रीनकडे बघत बसले.

‘‘चालू कर की!’’

‘‘चालूच आहे, आबा!’’

फोन शहाणा, त्याला तो सगळा गोंगाट वाटला आणि त्याने पुसून टाकला. आठ सिलिंडर ओरडतायत आणि कोल्हापुरात शांतता. शेवटी रेकॉर्ड करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला, अकरा सेकंदांचा. मागे चहाच्या कपबश्यांचा आवाज.

‘‘झडप बरी झालीया. पर एक सिलिंडर मिस मारतोय, बघ.’’

मला काही ऐकू आलं नव्हतं. तरी संध्याकाळी एकेक प्लगची वायर काढून पाहिली. सात नंबरच्या वायरचं रबर मॅनिफोल्डला टेकून जळालं होतं.