पोळ्याची तारीख आणि माझा थिसिस

"पोळ्याला आली होती पाळी, मॅडम." शेवटच्या पाळीची तारीख म्हणून तिला एवढंच आठवत होतं. लेबर रूमच्या कोपऱ्यात मी मोबाईलवर पोळा शोधला. २०२३ ला अधिक श्रावण, म्हणून पोळा पार १४ सप्टेंबरला. बाळ झालं १४ जून २०२४ ला. हिशेब ३९ आठवडे १ दिवस. एक्सेलमध्ये तिला 'फुल टर्म'मध्ये टाकलं आणि पुढचा केस पेपर ओढला.

३७ आठवडे भरले की बाळ पुऱ्या दिवसांचं, असंच आपण धरतो. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्यातही भाग पाडले: ३७ ते ३८ आठवडे ६ दिवस अर्ली टर्म, ३९ ते ४० आठवडे ६ दिवस फुल टर्म. या दोन गटांतल्या बाळांची तुलना हा माझा एमएसचा थिसिस. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी वगैरे चकरा सगळेच मारतात, मीही मारल्या.

पहिला तक्ता घेऊन गाईड मॅडमकडे गेले तेव्हा मी खूश होते. अर्ली टर्मची बाळं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत जास्त; हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं सांगणारी पी व्हॅल्यूही झकास. मॅडमनी तक्ता बाजूला सारला. "यांना लवकर बाळंत का केलं गं?" कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाचं पाणी कमी, कुणाच्या बाळाची वाढ खुंटलेली. मग बाळाला भोवला तो आठवडा की आईचा आजार? आपोआप कळा आलेल्या बायका वेगळ्या काढल्या, तशी माझ्या तक्त्याची चमक उतरली.

मृतजन्मांनी तर रडवलं. समजा, ३७ वा आठवडा लागला तेव्हा १००० जणी गरोदर होत्या. त्या आठवड्यात १०० बाळंत झाल्या, एक बाळ पोटातच गेलेलं. मी लिहिलं, शंभरात एक. पण पोटात बाळ दगावण्याची भीती हजारही जणींना होती, म्हणजे भाजक १००० हवा. एनआयसीयूसाठी मात्र जिवंत जन्मलेलीच बाळं मोजायची. एवढं डोक्यात शिरायला माझी एक अख्खी नाईट ड्युटी गेली.

मग तारखांची पाळी आली. सगळे केस पेपर पुन्हा उपसले. पोळ्यावालीच्या पेपरात चार घड्या घातलेली, अकराव्या आठवड्यातली सोनोग्राफी निघाली. बाळाची लांबी पाळीच्या हिशेबापेक्षा ९ दिवस मागे. अकराव्या आठवड्याच्या सुमाराच्या सोनोग्राफीत फरक ७ दिवसांपेक्षा जास्त निघाला तर सोनोग्राफीचीच तारीख धरतात. म्हणजे बाळ झालं तेव्हा भरले होते ३७ आठवडे ६ दिवस. आणि मी वैतागले होते, ३९ आठवड्यांच्या या धडधाकट बाळाला धाप कशी लागली म्हणून!

ओळ कट केली, अर्ली टर्मच्या शीटमध्ये पेस्ट केली. पुढच्या पेपरवर माझ्याच अक्षरात होतं, 'गणपती बसायच्या दोन दिवस आधी.' तिची सोनोग्राफी शोधायला घेतली.