हजेरीवर ६१, पोर्टलवर ५९

काम सांगायला सोपं होतं. एका तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांचा पट का घटतोय, ते शोधायचं. ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार होतं: "इंग्रजी माध्यम, दुसरं काय!" केंद्रप्रमुखापासून पालकापर्यंत सगळे एकच कारण सांगायला लागले की मला संशय येतो. त्या कारणापुढे कुणालाच काही करावं लागत नाही.

पटाची नुसती बेरीज फार फसवते. चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी जोडली की पट वाढला, पाचवीची मुलं शेजारच्या माध्यमिक शाळेत गेली की घटला. म्हणून इयत्तावार तक्ता मांडायचा आणि तो तिरका वाचायचा: यंदाची पहिली, पुढच्या वर्षीची दुसरी, त्यापुढची तिसरी. पहिलीच बारीक असेल तर गावात मुलं कमी जन्मली किंवा ती इथे आलीच नाहीत. दुसरी ते चौथीत संख्या घटत असेल तर मुलं आत येऊन बाहेर पडली. ही दोन दुखणी वेगळी. पहिल्यात शाळेचा दोष असेलच असं नाही. राज्याचा एकूण जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलेला आहे.

जन्म मोजायला मात्र ग्रामपंचायतीची जन्मनोंद घेऊ नये. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, आणि बाळंतपणं होतात माहेरी नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात. अंगणवाडीताईंची कुटुंब सर्वेक्षणाची वही मागावी. गावातली सगळ्यात खरी वही तीच, आणि तिला विचारणारं कुणी नसतं. यूडायसचं, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचंही, जन्मनोंदीसारखंच: तिथे मूल शाळेच्या गावात मोजलं जातं, घराच्या नाही. बसने तालुक्याला जाणारं पोर तिथल्या शाळेच्या ११ अंकी संकेतांकाखाली दिसतं. शिवाय २०२२-२३ पासून नोंद विद्यार्थीनिहाय झाली, त्यामुळे आधीच्या आकड्यांशी सरळ तुलना चालत नाही. तरी दोन्ही आकड्यांवरून एकच रेघ ओढून घसरण दाखवणारे लोक आहेतच.

तालुक्यातल्या बहुतेक शाळांचा हिशेब जन्मांशी जुळला. एक शाळा जुळेना. पहिली ते पाचवी, पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षं तेवढाच, अंगणवाडीच्या वहीशी ताळमेळ ठीक. आणि दुसरी ते चौथीत एकाच वर्षात मोठी गळती.

जनरल रजिस्टरमधला शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना उघडला. सगळीकडे "पालकांची विनंती". या रकान्याइतकी निरुपयोगी जागा सरकारी कागदांत दुसरी नसेल. कामाची असते ती दाखल्याच्या मागणीपत्रांची फाइल. मूल ज्या शाळेत गेलं तिचं नाव त्यावर असतं, आणि तारीखही. बहुतेक पत्रं इंग्रजी शाळांचीच निघाली. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. पण पत्रावरून मूल कुठे गेलं ते कळतं. का उठलं ते कळत नाही. मला तारखा खटकल्या. सगळी पत्रं त्याच एका वर्षातली, जूननंतरची. त्या जूनमध्ये काय झालं?

तिसऱ्या गुरुजींचं पद जादा ठरून समायोजन झालं होतं, दुसऱ्या शाळेत.

संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, कागद काढले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा. त्या वर्षी पदं त्याच मापाने मोजली गेली. आदल्या ३० सप्टेंबरच्या हजेरीपटावर नावं ६१. संचमान्यतेत धरलेले विद्यार्थी ५९. मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगितलं, "दोघांचं आधार जुळलं नव्हतं." एकाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, दुसऱ्याची जन्मतारीख वेगळी. दोघंही वर्गात बसलेली, पोषण आहार घेणारी. पोर्टलवर मात्र नाहीत.

मग पाच इयत्तांना दोन शिक्षक. त्यांतले एक मुख्याध्यापक, म्हणजे ऑनलाइन माहिती, आहाराच्या नोंदी, बैठका. दुसऱ्यांकडे मतदारयादीचं काम. बहुवर्ग अध्यापनाचं प्रशिक्षण झालंय, असं अहवालात असतं; दोन खोल्यांत पाच फळे सांभाळणाऱ्याला ते विचारून पाहा. पालकांना निकष कळत नाहीत, पण वर्गावर गुरुजी नाहीत हे पोर घरी येऊन सांगतं.

हे सगळं केंद्रप्रमुखांना दाखवलं. "सर, ते जुनं झालं. आता पट कमी आहे, हे तर खरं ना?" खरंच आहे. आता तिसरं पद मागायलाही आधार उरलेला नाही.

माहिती द्यायच्या नमुन्यात "पट घटण्याचे प्रमुख कारण" असा एकच रकाना आहे, आणि खाली निवडायला पर्याय: जन्मदर, स्थलांतर, इंग्रजी माध्यम, इतर. त्या शाळेपुढे मी "इतर" निवडलं. तीन पानांची टीप जोडली आहे. कोणी उघडेल असं वाटत नाही.

त्या दोन मुलांचं आधार पुढच्या वर्षी जुळलं. तेव्हा हजेरीवर ४८ नावं होती.