बेअरिंग सुटलं

आवाज पहिल्यांदा राउंडअबाउटवर आला. इंग्लंडमध्ये राउंडअबाउटला घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं असतं, म्हणजे गाडी उजवीकडे वळत राहते आणि भार डाव्या चाकांवर पडतो. सरळ रस्त्यावर नुसती गुणगुण होती, ती वळणावर घुमायला लागली. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. बायको म्हणाली, "टायरचा असेल." पुढचे दोन आठवडे मीही तेच म्हणत राहिलो. जुनी गाडी पाळणाऱ्याला स्वस्तातलं निदान पटकन पटतं.

गाडी 1992 ची माझदा एमएक्स-5. बसायला दोनच माणसं, छप्पर मागे ढकललं की वर आभाळ, आणि दिवे लावले की बेडकासारखे डोळे बाहेर. हिरोशिमाच्या लोकांनी जुन्या इंग्रजी रोडस्टर डोळ्यांसमोर ठेवून ती घडवली आणि 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. इंग्रजी गाड्यांचं सगळं उचललं, तेल गळणं तेवढं राहून गेलं. इंग्रजांची कल्पना, जपान्यांची गाडी, आणि कव्हेंट्रीत घरासमोर तिच्याखाली आडवा पडलेला चिंचवडकर.

चिंचवडकर हे महत्त्वाचं. आमच्याकडे एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा कारखाना आहे, आणि बाबांची सगळी नोकरी बेअरिंगं, म्हणजे चाक ज्यांवर फिरतं ती छर्र्यांची कडी, तपासण्यात गेली. पुण्या-मुंबईचे लोक 'व्होल्वोने आलो' असं ऐटीत सांगायला लागले तेव्हा बाबा हटकून सांगायचे, की हे नाव मुळात आमचं! खरंच आहे ते. 'वोल्वो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी फिरतो'. एसकेएफने ते 1915 मध्ये बेअरिंगसाठी नोंदवून ठेवलं होतं, त्या नावाची मोटार आली 1927 मध्ये. बसच्या तिकिटाचे पैसे मात्र बाबांना कधी सुटले नाहीत.

तर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मागचं डावं चाक जॅकवर उचललं, खाली स्टँड दिले. बाबा म्हणाले, "स्प्रिंगवर हात ठेव आणि चाक फिरव." ठेवला. तळव्याला बारीक खरखर लागली, साखर दळल्यासारखी. "आता स्क्रूड्रायव्हरचं टोक नकलला टेकव, मूठ कानाला लाव." नकल म्हणजे चाकामागचा, बेअरिंग धरून ठेवणारा भाग. लेक चाक फिरवत होती, मी कान लावून बसलो होतो. शेजारचे इंग्रज आजोबा कुत्रा घेऊन चालले होते, ते थबकले आणि काही न विचारता पुढे गेले.

"बेअरिंग गेलंय," मी म्हणालो.

"मग काढ. पण घाई करू नकोस, आणि बेअरिंग सोडू नकोस."

हे शेवटचं वाक्य लोखंडाबद्दल नव्हतं. कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या नाटकात बाबा एकदा हवालदार झाले होते. ऐन दुसऱ्या अंकात अर्धी मिशी निघाली. समोरचे लोक पोट धरून हसत होते आणि बाबा अर्ध्या मिशीनिशी आरोपीला दम देत राहिले. "बेअरिंग सोडलं नाही हो!" असं मग वर्षभर लोक म्हणत होते. मला लहानपणी वाटायचं, की कारखान्यात आहेत म्हणून तसं म्हणतात.

माझं सुटलं दुसऱ्याच संध्याकाळी. मधला 29 मिलिमीटरचा नट पान्याच्या दांड्यात पाइप घालून, त्यावर उभं राहून सुटला. तो अपेक्षित त्रास होता. पण नकल खालच्या आर्मला, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्याला, ज्या लांब बोल्टने जोडलेली असते, तो हलेचना. इथे हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. तीस हिवाळ्यांचं मीठ खाऊन बोल्ट बुशमध्ये, म्हणजे त्याच्याभोवतीच्या नळीत, मुरला होता, लोणच्यातल्या फोडीसारखा. तेल सोडलं, ज्योत दाखवली, हातोडा घातला, मराठीतले काही जुने शब्दही वापरले. लेकीने त्यांतल्या एकाचा अर्थ विचारला. बोल्ट तिसऱ्या दिवशी निघाला, एकदम, जसा काही कधी अडकलाच नव्हता.

आता दाबाचं काम. गॅरेजात मोठा प्रेस असतो, माझ्याकडे आटे पाडलेला जाड रॉड, वाट्या आणि दोन नट. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ओढून काढला तर आतल्या रिंगचा अर्धा भाग त्यालाच घट्ट चिकटून आला. या गाडीत तो येतोच म्हणे. ग्राइंडरने त्यावर खाच पाडायची, खाली हबला ओरखडा जाऊ द्यायचा नाही, मग खाचेत छिन्नी ठेवून एक घाव. 'टण्' झालं आणि रिंग तडकली. जुन्या बेअरिंगातले छर्रे तोवर ड्राइव्हवेभर पांगले होते. लेक ते गोट्यांसारखे वेचत होती. काही छर्रे अजून चकचकीत होते, पण बाहेरच्या रिंगच्या आतून बोट फिरवलं तर जागोजाग खड्डे.

आम्ही अशाच भंगारातल्या बेअरिंगांवर फळी ठोकून गाडी करायचो. पुढे एक, मागे दोन, सुकाणूला दोरी. कॉलनीच्या उतारावरून ती सुटली की डांबरावर असा खर्र आवाज व्हायचा की दुपारी झोपलेले काका उठून बाहेर यायचे. आवाज जितका मोठा, तितकी गाडी भारी. तोच आवाज घालवायला आता मी तीन संध्याकाळी खर्च केल्या होत्या.

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, मटार आणि खवलेल्या नारळाच्या मध्ये. बायकोने नारळ दुसऱ्या कप्प्यात हलवला. सत्तर मिलिमीटर व्यासाचं पोलाद तीस अंशांनी गार झालं तर 0.025 मिलिमीटर आकसतं, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा. पण घट्ट बसणाऱ्या गोष्टीला तेवढीही सवड पुरते. बाबा पडद्यावरून नजर ठेवून होते. "नकलमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब. हब घालताना आतल्या रिंगला आधार दे. जोर छऱ्यांतून गेला की नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी मेलं." रॉडचा नट पाव पाव फेऱ्याने फिरवत गेलो. ते सरळ आत गेलं, मग बेअरिंग जागेवर धरणारी सर्कलिप खाचेत बसली. क्लिक. चिंचवडला रात्रीचे अकरा वाजले होते, बाबा उशीला टेकून बघत होते.

रविवारी सकाळी गाडी काढली. शेजारी लेक, तिच्या हातात फोन, फोन मागच्या चाकाच्या बाजूला धरलेला. ताशी 40 मैल, मग राउंडअबाउट, एकदा पूर्ण फिरून पुन्हा एकदा. पलीकडे बाबा बराच वेळ गप्प.

"बाबा, काही ऐकू येतंय का?"

"नाही," ते म्हणाले. "अजून एक चक्कर मार."