घरचा क्वाडकॉप्टर: रिसीव्हर निर्दोष सुटला

घरी बनवत असलेल्या या चार मोटरींच्या ड्रोनच्या मागच्या नोंदीत चारही मोटरी कॉन्फिग्युरेटरच्या (संगणकावरून सेटिंग करायच्या ॲपच्या) स्लायडरवरून सुरळीत फिरत होत्या. मला वाटलं, आता रिसीव्हरच्या (रेडिओचा सिग्नल पकडणाऱ्या तुकड्याच्या) चार वायरी जोडायच्या, बाइंड करायचं (रेडिओशी त्याची जोडी जमवायची) आणि उडवायचं. एका संध्याकाळचं काम. त्या संध्याकाळीला ११ दिवस लागले.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सामान असं: ५ इंची फ्रेम, एफ४०५ चिपचा फ्लाइट कंट्रोलर (मोटरींना हुकूम देणारा बोर्ड), त्यावर बीटाफ्लाइट ४.५ हे फर्मवेअर, २.४ गिगाहर्ट्झचा ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ दुव्याचा) रिसीव्हर, हातातल्या रेडिओत एजटीएक्स हे फर्मवेअर आणि ४एस (चार सेलची) बॅटरी. खाली जे जे टेबलावर केलंय ते प्रॉप (पंखे) काढून केलंय. प्रॉप लावून टेबलावर प्रयोग करणाऱ्याची बोटं मोजून घ्यावीत.

पहिली अडचण अगदीच बाळबोध निघाली. यूएसबी लावली की बोर्ड जिवंत व्हायचा, रिसीव्हर मात्र काळाठिक्कर. अर्धा तास मी वायरच तपासत बसलो. माझ्या बोर्डावर ५ व्होल्टचा पॅड (वायर सोल्डर करायचा धातूचा ठिपका) फक्त बॅटरी लावल्यावर चालतो. यूएसबीवर चालणारा पॅड वेगळा आहे आणि त्याच्या शेजारी ४व्ही५ असं छापलंय. तिकडे लाल वायर हलवली आणि दिवा लागला. यूएसबीवर रिसीव्हर चालला की बॅटरीशिवाय निवांत सेटिंग करता येतं, त्यामुळे पुढचे कित्येक तास वाचले.

बाइंडिंगला वेळ लागला नाही. रेडिओच्या मॉड्यूलमध्ये ३.x आणि रिसीव्हरमध्ये २.x फर्मवेअर होतं, आणि पहिला आकडा वेगळा असला की ही दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. दोन्हीकडे एकच आवृत्ती आणि एकच बाइंडिंग फ्रेज टाकली, दिवा स्थिर झाला. फक्त एका गोष्टीने गोंधळात टाकलं. रेडिओ बंद ठेवून मी क्वाड चालू केला आणि सोल्डरिंगची तार शोधत बसलो. रेडिओ लावेपर्यंत दिवा भराभर लुकलुकायला लागला होता आणि काही केल्या जोडणी होईना. ६० सेकंदांत सिग्नल मिळाला नाही की हा रिसीव्हर स्वतःच वायफाय मोडमध्ये जातो. पॉवर काढून परत दिली की शुद्धीवर येतो. तेव्हापासून आधी रेडिओ, मग क्वाड.

आता दिवा स्थिर, रेडिओवर सिग्नलचे आकडे झक्क, आणि बीटाफ्लाइटच्या रिसीव्हर टॅबमधल्या पट्ट्या मात्र जागच्या जागी. स्टिक कशीही फिरवा, काही हलत नाही. इथे घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधण्याची एक युक्ती हाती लागली, ती जरा नीट सांगतो. एजटीएक्सच्या टेलिमेट्री (क्वाडकडून रेडिओला परत येणारी माहिती) पानावर सेन्सर शोधायला लावा. १आरएसएस, आरक्यूएलवाय, टीपीडब्ल्यूआर हे आकडे रेडिओ दुव्याचे आहेत, रिसीव्हर ते स्वतःच पाठवतो; फ्लाइट कंट्रोलर जोडलेला नसला तरी ते दिसतात. बॅटरीचा व्होल्टेज आणि फ्लाइट मोड मात्र फ्लाइट कंट्रोलरकडून रिसीव्हरमार्गे येतात. माझ्याकडे पहिले तीन होते, पुढचे दोन नव्हते. म्हणजे हवेतला प्रवास ठीक, शेवटच्या तीन सेंटिमीटरच्या वायरीत घोळ. पाहिलं तर टीएक्स (पाठवणारा पॅड) टीएक्सला आणि आरएक्स (ऐकणारा पॅड) आरएक्सला जोडलेला. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं; मी तोंडाला तोंड आणि कानाला कान लावून ठेवला होता. दोन वायरींची अदलाबदल केली. पोर्ट्स टॅबमध्ये यूएआरटी २ वर (बोर्डाच्या दोन नंबरच्या सीरियल पोर्टवर) सीरियल आरएक्स चालू होतंच, प्रोटोकॉल सीआरएसएफ (हा रिसीव्हर बोर्डाशी बोलतो ती भाषा). सेव्ह केलं आणि पट्ट्या नाचायला लागल्या. बॅटरीचा आकडाही रेडिओवर उमटला.

जाता जाता: जुन्या क्वाडवर एसबसचा (सीआरएसएफसारख्याच दुसऱ्या प्रोटोकॉलचा) रिसीव्हर होता, तिथे हे लक्षण वेगळ्याच कारणाने दिसायचं. एसबसचा सिग्नल उलटा असतो आणि एफ४ चिपच्या यूएआरटीला तो स्वतःहून सुलटा करता येत नाही, म्हणून बोर्डावर इन्व्हर्टर असलेला एसबसचा खास पॅडच वापरावा लागतो. एफ७ आणि एच७ ला ही अडचण नाही. सीआरएसएफ सुलटाच असतो, त्यामुळे तो जुना अनुभव इथे मला उगाच भरकटवत होता.

पट्ट्या हलल्या, पण चुकीच्या. थ्रॉटल (मोटरींचा जोर) वर केला की रोल (डावीउजवीकडे कलणं) वाढायचा, एलेरॉनला (रोलच्या स्टिकला) पिच (पुढेमागे कलणं) हलायचा आणि पिचच्या स्टिकला थ्रॉटल. यॉ (जागेवर वळणं) तेवढा शहाण्यासारखा वागत होता. चारातलं चौथं जागेवर आणि पहिले तीन सरकलेले दिसले की समजावं, रेडिओ टीएईआर क्रमाने (थ्रॉटल, एलेरॉन, एलिव्हेटर म्हणजे पिच, रडर म्हणजे यॉ) पाठवतोय आणि बीटाफ्लाइट एईटीआर धरून बसलंय. बीटाफ्लाइटमध्ये चॅनेल मॅप बदलूनही भागतं, पण मी दुरुस्ती रेडिओत केली. सगळ्या मॉडेलांना एकच क्रम असला की डोकं ठिकाणावर राहतं. रेडिओ सेटिंगमधला डीफॉल्ट क्रम बदलून उपयोग होत नाही, तो फक्त नव्या मॉडेलला लागू होतो. आधीच्या मॉडेलचे मिक्स (कोणती स्टिक कोणत्या चॅनेलला त्या ओळी) हातानेच हलवावे लागतात. मी आधी डीफॉल्टच बदलला आणि मग ‘काहीच बदललं नाही’ म्हणून रेडिओला दोन शब्द सुनावले.

स्टिक मध्यावर असताना रोल १५०० ऐवजी १४९१ दाखवत होता. हात ट्रिमच्या (स्टिकचा मध्य सरकवायच्या) बटणाकडे गेलाच होता, पण आवरला. क्वाडवर ट्रिम शून्यच असावेत. रेडिओच्या हार्डवेअर पानावरून स्टिकचं कॅलिब्रेशन परत केलं, १५०० आला. टोकं ९८८ आणि २०१२ दिसतात, ती तशीच असतात. त्यांना ओढूनताणून १००० ते २००० करत बसायची गरज नाही.

मग आर्मिंग, म्हणजे मोटरी फिरायला मोकळ्या करणं. स्विच ओढला, काही नाही. सीएलआयमध्ये (कॉन्फिग्युरेटरच्या आज्ञा टाइप करायच्या टॅबमध्ये) स्टेटस टाकलं की शेवटी आर्मिंग का अडलंय त्याची नावं येतात, आणि माझा निम्मा वेळ त्या ओळीनेच वाचवला. पण सीएलआय उघडलं की सीएलआय हे कारण स्वतःच यादीत येतं, आणि कॉन्फिग्युरेटर जोडलेला असताना एमएसपी. ही दोन नावं पाहून घाबरायचं नाही, केबल काढली की ती जातात. माझ्या यादीत तिसरं नाव होतं, आर्मस्विच. त्याचा अर्थ, दुसरं एखादं कारण आडवं आलेलं असतानाच आर्मचा स्विच चालू केलाय. तो एकदा बंद करून परत चालू करा. तेवढं केलं आणि मोटरी गुरगुरल्या.

इथेच एक कोडं सुटलं. मी आधी चॅनेल ५ वर तीन खटक्यांचा स्विच देऊन त्यावर फ्लाइट मोड लावले होते, आणि मधला खटका कॉन्फिग्युरेटरमध्ये कधी दिसतच नव्हता. पट्टी खाली किंवा थेट वर. मी स्विच खराब म्हणून जवळजवळ उघडायला घेतला होता. कारण ईएलआरएसमध्ये आहे. त्याच्या वाइड या स्विच मोडमध्ये चॅनेल ५ साठी फक्त एक बिट आहे, चालू किंवा बंद. मधलं काही सांगायची सोयच नाही. त्या बदल्यात तो बिट प्रत्येक पॅकेटबरोबर जातो, बाकीचे ऑक्स (स्विचचे) चॅनेल मात्र पाळीपाळीने. थोडक्यात, ती जागा आर्मसाठी राखलेली आहे. दोन खटक्यांचा स्विच तिथे आणला, मोड चॅनेल ६ वर नेले, मधला खटका सापडला.

सहाव्या दिवशी गवतावर प्रॉप लावून पहिलं उड्डाण. क्वाड हातभर उचलला, तीनेक सेकंद छान तरंगला, आणि दगडासारखा खाली. रेडिओ म्हणाला, ‘टेलिमेट्री लॉस्ट’. मी दोन पावलं टाकतो न टाकतो तोच, ‘टेलिमेट्री रिकव्हर्ड’. परत उडवला, परत तेच. टेबलावर मात्र प्रॉप काढून कितीही वेळ चालवा, एकदाही तुटायचं नाही.

पुढचे चार दिवस मी जे केलं त्याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. रेडिओची पॉवर २५ मिलिवॉटवरून १०० केली. पॅकेट रेट (सेकंदाला किती पॅकेट जातात तो आकडा) २५० वरून ५० वर आणला. अँटेना फिरवली, कार्बनच्या फ्रेमपासून लांब नेली. रिसीव्हर दोनदा नव्याने फ्लॅश केला. मोटरींचा नॉइज असेल म्हणून बॅटरीच्या वायरींवर १००० मायक्रोफॅरॅडचा ३५ व्होल्टचा कपॅसिटर टाकला (तो असायलाच हवा होता, राहू दिलाय). पडणं जैसे थे.

शेवटी सुचलं ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. एजटीएक्समध्ये स्पेशल फंक्शनमधून लॉग चालू केला, ०.१ सेकंदाच्या अंतराने, एक उड्डाण पाडलं आणि एसडी कार्डावरची फाइल उघडली. तुटण्याआधीच्या शेवटच्या ओळीपर्यंत लिंक क्वालिटी (पोहोचलेल्या पॅकेटची टक्केवारी) १००, आरएसएसआय (सिग्नलची ताकद) उणे ४२ डीबीएमच्या आसपास. २५० हर्ट्झला ईएलआरएसची संवेदनशीलता उणे १०८ डीबीएम आहे. म्हणजे हाताशी ६६ डीबी शिल्लक असताना दुवा तुटतोय! सिग्नल क्षीण होऊन तुटतो तेव्हा आकडे पायरीपायरीने उतरतात, लिंक क्वालिटी ९०, ७०, ५० करत जाते. इथे १०० वरून थेट अंधार. हे काम सिग्नलचं नाही, वीज जाण्याचं. रिसीव्हर बंद पडून परत सुरू होत होता, म्हणून तर ‘रिकव्हर्ड’ इतक्या लवकर यायचं.

प्रॉप काढले, बॅटरी लावली आणि पेनच्या मागच्या टोकाने बोर्डावर हलके टकटक करत गेलो, डोळे रिसीव्हरच्या दिव्यावर. यूएसबीपाशी काही नाही. ईएससीच्या (मोटरींचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) कनेक्टरपाशी काही नाही. काळ्या वायरीला टोक लागलं आणि दिवा मिचकला. परत लावलं, परत मिचकला. भिंगाखाली ग्राउंडच्या पॅडवर सोल्डरचा गोळा गोलमटोल आणि मळकट दिसला, तळाशी केसाएवढी वर्तुळाकार फट. तो पॅडला चिकटलेला नव्हता, नुसता टेकलेला होता. टेबलावर टेकून चालत होतं. प्रॉप लागले, थरथर सुरू झाली की सुटायचं. मल्टिमीटरचा बीप मी आधी दोनदा घेतला होता आणि दोन्ही वेळा तो इमानदारीने वाजला होता. स्थिर वायरीवर तो वाजणारच, टेकलं तरी त्याला पुरतं. वायर हलवत बीप घ्यायला हवा होता.

ग्राउंडचाच जोड कच्चा राहिला यात नवल नाही. तो पॅड बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला असतो, आयर्नची सगळी उष्णता तो पत्रा पिऊन टाकतो. मी सिग्नलच्या बारीक पॅडसाठी लावलेलं सुईसारखं टोक तिथेही वापरलं होतं. या वेळी छिन्नीसारखं रुंद टोक लावलं, जुना सोल्डर तो शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने उचलला, फ्लक्स घातला आणि पॅड तापेपर्यंत थांबलो. सोल्डर आपणहून पसरला, चकचकीत, कडेला आत वळलेला. वायर फ्रेमला झिपटायने बांधली, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही. पेनने बडवून पाहिलं, दिवा ढिम्म.

उडवायच्या आधी फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला तर क्वाड काय करतो त्याची चाचणी. प्रॉप काढून आर्म केलं, थ्रॉटल थोडा वर, आणि रेडिओ बंद केला. मोटरी थांबल्या. ईएलआरएसला वेगळं काही सांगावं लागत नाही, सिग्नल गेला की तो आकडे पाठवणं थांबवतो आणि बीटाफ्लाइटला कळतं. जुन्या एसबस रिसीव्हरवाल्यांनी मात्र ही चाचणी करताना डोळ्यात तेल घालून पाहा. तिथे फेलसेफ ‘होल्ड’वर राहिलं असेल तर रिसीव्हर शेवटचा थ्रॉटल तसाच पाठवत राहतो, फ्लाइट कंट्रोलरला वाटतं सगळं आलबेल आहे आणि क्वाड क्षितिजाकडे निघतो. ‘नो पल्सेस’ करून घ्या.

काल संध्याकाळी पॉवर परत २५ मिलिवॉट, पॅकेट रेट २५० आणि सलग ४ मिनिटं हवेत. लॉगमध्ये लिंक क्वालिटी एकदाही ९९ च्या खाली नाही. चार आडव्यातिडव्या घिरट्या घेतल्या, एकदा गवतात आपटला, तरी दुवा शाबूत. उतरल्यावर मोटरींना हात लावला: तीन कोमट, मागची उजवी चटका बसेल इतकी तापलेली. त्याच मोटरीवरचा प्रॉप आपटताना वाकलाय का बेअरिंग गेलंय, ते आज प्रॉप बदलून बघतो.